फोन लागला की बाबा जाणार

खापा सोडून मी नागपूरला निघालो, त्या सकाळी एस.टी.च्या थांब्यावर आमची अख्खी गल्ली लोटली होती. अंतर ते किती! सकाळी निघालेला माणूस नागपुरातलं काम आटोपून दिवे लागायच्या आत घरी परत. पण रडारड अशी चालली होती की कंडक्टर खाली उतरला आणि मला हळूच म्हणाला, "कोण गेलं गा?"

मी म्हटलं, "मीच जाऊन राहिलो."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि परत चढला. आई म्हणत होती, "नागपूरचं पाणी जड असते, उकळून पेत जा." गाडी हलली तशी बाबा खिडकीला धरून चार पावलं धावले आणि ओरडले, "पोचला का चिठ्ठी टाकजो!"

आज्ञाधारक मुलगा मी. पोचल्या पोचल्या कार्ड टाकलं. रविवारी मी स्वतःच घरी आलो आणि सोमवारी सकाळी पोस्टमननं ते कार्ड माझ्याच हातात दिलं. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच ते मोठ्यानं वाचून दाखवलं: "मी सुखरूप पोचलो, काळजी नसावी." बाबांनी विणता विणता मागावरचा हात थांबवून ते मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "बरं झालं बाप्पा, पोचला." मी समोर बसलो होतो. त्यांची काळजी त्या वाक्यानं मिटली होती, मला समोर पाहून नाही.

खाप्यात राहिलेल्या माझ्या लोकांनो, आणि माझ्यासारखं खापा सोडून कोणी नागपुरात, कोणी भिलाईला, कोणी त्याहून लांब जाऊन बसलेल्यांनो, या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. दरम्यान मी एका कचेरीत कारकून झालो, उमरेडच्या विणकरांच्याच घरातली कुमुद माझी बायको झाली, प्रताप नगरात दोन खोल्या आणि पुढे एक व्हरांडा असं घर झालं. खाप्यात ज्या खोलीत माग, त्याच खोलीत जेवण आणि त्याच खोलीत पाहुणा. इथे पुढच्या खोलीला आम्ही 'हॉल' म्हणू लागलो. हात धुवायला बेसिन आलं. पानाफुलांचे पडदे आले, तेही गिरणीचे! विणकराच्या मुलाच्या घरात गिरणीचा पडदा! बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला आणि कोणी वारल्यासारखा चेहरा केला. माझी भाषासुद्धा बदलली. कचेरीत मी 'मला' म्हणतो. खाप्याच्या एस.टी.त बसलो की पाटणसावंगी येईपर्यंत त्याचं आपोआप 'मले' होतं.

पण मला सांगायचं आहे ते फोनाचं. ते आत्ता चार-पाच वर्षांपूर्वीचंच आहे, आणि त्यात कोणाचं काय चुकलं ते ठरवताना आमचं घर आठवडाभर वेड्यासारखं फिरत होतं.

आई गेल्यावर बाबा खाप्यात एकटेच होते. माग सोडायला तयार नाहीत. मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून उठताना एकदा चक्कर येऊन पडले, आणि वर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्यांना अक्षरशः उचलून नागपूरला आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यावर हिरवी पट्टी आली, दुसऱ्या डोळ्यानं धुकं तेवढं दिसायचं. मी जाहीर केलं की आता इथंच राहायचं. बाबांनी त्याहून मोठ्यानं जाहीर केलं की गल्लीतल्या एका पोरीच्या लग्नाचं लुगडं मागावर अर्धं आहे, आणि अर्धं लुगडं मागावर टाकून विणकर दुसऱ्याच्या घरी झोपत नाही.

"दुसऱ्याचं घर?" मी म्हटलं. "बाबा, हे माझं घर आहे."

"तुहंच हाय ना," बाबा म्हणाले. "मी काय म्हणून राहिलो मंग?"

शेवटी कुमुदनं न्याय केला. खाप्यात बाबांच्या घरापासून दोन घरं सोडून सूतवाले शेठ राहतात, त्यांच्या गादीवर फोन आहे. आपल्याकडे फोन आला म्हणजे बाबांनी खाप्याला जावं, आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता शेठकडून फोन करावा. एका रविवारी फोन नाही आला तर मी पहिल्या गाडीनं निघायचं. फोन येईपर्यंत मात्र मुकाट्यानं इथे राहायचं.

बाबा म्हणाले, "कबूल. फोन लागला का मी चाललो."

मीही लगेच कबूल म्हटलं. इतक्या लगेच की कुमुदनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. तुम्ही सगळे जाणता, फोनासाठी अर्ज करून माणसं म्हातारी होत होती. मी अर्ज केला तेव्हा डोक्यावर पूर्ण केस होते. मी हिशेब केला: फोन येणार नाही, बाबा जाणार नाहीत, आणि मला वाईटपणाही नाही. इतकी सोपी लबाडी मला आयुष्यात पुन्हा सुचली नाही.

पंधराव्या दिवशी पत्र आलं की आपला नंबर लागला आहे.

आता आपल्याला वाटतं, फोन म्हणजे एक तार आणि एक डबा. तसं नसतं. आधी खांब कुठे, तार कुठून, हा प्रश्न. मग घरात डबा कुठे ठेवायचा. मला तो हॉलमध्ये हवा होता, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. कुमुदला स्वयंपाकघराच्या दारात. आणि तिचा धाकटा भाऊ प्रभाकर, जो मस्कतहून सुटीवर आला होता, म्हणत होता की डबाच बदला. त्यानं स्वतः एक फोन आणला होता. बदामी रंगाचा, डायल नाही, नुसती बटणं. बटण दाबलं की सूर निघायचा. शेवटचा नंबर तो आपणहून लक्षात ठेवायचा म्हणे. माझ्या कचेरीत असा एक माणूस नव्हता.

लाईनमन आले. डोंगरे त्यांचं नाव, कंबरेला पक्कड, कानावर विडी. त्यांनी खांबावरून तार ओढली, खिडकीच्या चौकटीतून हॉलमध्ये आणली आणि काळा, जड, डायलवाला फोन जोडला. तेवढ्यात माझ्या सुपीक डोक्यात एक कल्पना आली. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "आतल्या खोलीतही एक तार नेऊन ठेवता का? म्हाताऱ्यांच्या खाटेजवळ. पुढे तिथे दुसरा डबा बसवू." मनात हे की उशाशी फोन पाहिल्यावर बाबा म्हणतील, एवढी सोय आहे तर राहतो इथंच.

डोंगरे म्हणाले, "दुसऱ्या डब्ब्याचा अर्ज अलग लागते साहेब. तार नेऊन देतो, टोकं तसेच सोडून देतो." आणि बाबांच्या खाटेमागे भिंतीवर दोन उघडी टोकं सोडून ते निघून गेले. जाताना काळ्या फोनवरून कुठेतरी "हॅलो टेस्टिंग" करून गेले. चालू होता. आम्ही तिघांनी पाळीपाळीनं तो घुंई असा आवाज ऐकला. बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हे तं भोंगा वाजून राहिला. बरं हाय. परवा निघतो."

बाबा जेवून आत जाऊन आडवे झाले.

आणि प्रभाकर पेचकस घेऊन आला.

काळा डबा सोडवून त्यानं बदामी जोडला. घुंई ऐकू आली. त्यानं नंबर दाबला. सूर निघाले, छान निघाले, पण मागे घुंई चालूच. पुन्हा दाबला. पुन्हा सूर, पुन्हा घुंई. जणू एक माणूस गातो आहे आणि दुसरा त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. प्रभाकरनं पत्रक काढलं. त्यात इंग्रजी होतं आणि चित्रं होती, पण आमच्या भिंतीचं चित्र कुठेच नव्हतं. "भाऊजी, मशीन बरोबर आहे. तुमची लाईन जुनी आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "लाईन तर आज सकाळी आली रे." त्यानं खोकून दोन्ही तारा उलट लावून पाहिल्या. पुन्हा सुलट लावल्या. चहा झाला. मग पुन्हा रिसीव्हर उचलला, तर घुंईसुद्धा नाही. काहीच नाही. काळा डबा परत जोडला. तोही मुका.

मग मी बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हटलं, "मस्कतच्या डब्यानं आमची लाईन जाळली."

"माझ्या भावानं कधी काही जाळलं नाही," कुमुद म्हणाली. "गॅसवरचं दूध तुम्ही जाळता."

पुढचे सहा दिवस काय सांगू! प्रभाकर रोज नवं कारण घेऊन यायचा. एके दिवशी व्होल्टेज. दुसऱ्या दिवशी म्हणे भिंतीत ओल. तिसऱ्या दिवशी त्यानं काळ्या डब्याचा तळ उघडून आतला गुंता पाहिला आणि घाबरून तसाच बंद केला. शेजारी येऊन सांगायचे की बटणांचा डबा एकदा लागला की लाईन रुसते. कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, अर्थिंग. मी सगळ्यांना मान डोलवत होतो, कारण मला कोणाचंच कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. बाबा दर सकाळी अंघोळ करून, पिशवी भरून, हॉलमध्ये यायचे. रिसीव्हर कानाला लावायचे. आणि पिशवी परत आत न्यायचे.

"अजून मुकाच हाय," ते सुनेला सांगायचे. "सूनबाई, लग्न बारा दिवसांवर आलं वं. अर्धं लुगडं नेसून पोरगी मांडवात उभी राहीन काय?"

मी त्यांना सांगितलं होतं की तक्रार केली आहे. आता कबूल करतो. तक्रार मी लिहिली होती, सुंदर अक्षरात लिहिली होती, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती. रोज ती माझ्याबरोबर कचेरीत जायची आणि माझ्याबरोबर परत यायची. बाबा संध्याकाळी व्हरांड्यात बसलेले दिसायचे. घरी आपली वाट पाहणारा बाप असण्यात काय सुख असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. आणखी एक रविवार जाऊ दे, मग देऊ तक्रार, असं मी रोज म्हणायचो.

सातव्या दिवशी डोंगरे दारात उभे. मी चकित! मी म्हटलं, "तुम्ही कसे आलात?"

"कसे म्हणजे? काल वहिनी स्वतः ऑफिसात येऊन कंप्लेंट देऊन गेल्या ना," डोंगरे म्हणाले. "साबणाच्या पाण्यात भिजलेला कागद होता. वाचता वाचता आमचे साहेब शिंकले."

कुमुद कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझा शर्ट धुताना तो कागद तिच्या हाती लागला होता. आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या बाबांनी मान वळवून हिरव्या पट्टीच्या बाजूनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पाहिलं नसेलच, पण मला तसं वाटलं.

"काल?" बाबा म्हणाले. "हप्ता झाला ना गा, तू कंप्लेंट देल्ली म्हणे."

मी काळ्या फोनावरची धूळ पुसू लागलो. प्रभाकर संधी साधून पुढे झाला आणि विचारलं, माझ्या फोनानं लाईन जळाली का? डोंगऱ्यांनी बदामी फोन हातात घेतला, दोन बटणं दाबली, आणि हसले. "हा कायले जाळते? गरीब हाय हा. आपलं एक्सचेंज जुनं. डायल फिरवली का टकटक मोजते, तेवढंच त्याले समजते. हा गाणं म्हणते. त्याले गाणं समजत नाही, एवढीच गोष्ट." प्रभाकरनं आपल्या बहिणीकडे असं पाहिलं, जणू फाशीवरून उतरवलेला माणूसच.

मग लाईन मेली कशानं? डोंगरे खांबावर चढले, उतरले. खिडकी पाहिली. हॉलमधली तारेची पेटी उघडली. शेवटी आतल्या खोलीत गेले, खाट ओढली, आणि तिथून त्यांचा आवाज आला:

"हे गाठ कोणं मारली बाप्पा?"

आम्ही सगळे आत धावलो. भिंतीवरची ती दोन उघडी टोकं आता उघडी नव्हती. एकमेकांत गुंफून, चपटी, बारीक गाठ घातली होती. वर उरलेले शेंडे दातानं सारखे केलेले. बोट फिरवलं तर गाठ आहे हे समजू नये. ही गाठ मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्या घरातल्या प्रत्येक लुगड्यात त्या हजारो होत्या आणि एकही दिसत नव्हती.

"मी मारली," बाबा ताठ बसून म्हणाले. "झोपून उठलो तं हाताले दोन धागे लागले. तुटले होते. म्हटलं, दिवे लागाच्या आत जोडून टाकावं. तुटका धागा रातभर ठेवत नाही आम्ही."

"बाबाजी," डोंगरे म्हणाले, "हे दोन तार एकमेकाले लागले का फोन मरते."

"मंग सांगाचं नाही काय?" बाबा भडकले. "दोन धागे जवळजवळ सोडून देता आन् म्हणता जोडू नका! कोण्या कपड्यात असं असते?"

डोंगऱ्यांनी पक्कड पुढे केली, पण गाठ कापायला त्यांचा हात होईना. "आमच्या खात्यात असा जोड कोणाले येत नाही," ते म्हणाले. मग बाबांनीच पुढे होऊन नखानं ती सोडवली. एका झटक्यात सुटली. हॉलमधून घुंई ऐकू आली, कारण प्रभाकर तेवढ्यात तिकडे पळत जाऊन रिसीव्हर कानाला लावून उभा होता आणि त्यानं तो आनंदानं आमच्याकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना एस.टी.वर सोडायला गेलो. पिशवी माझ्याकडे, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली त्यांच्या मुठीत. गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "कागद खिशात काहून ठेवला गा?"

मी म्हटलं, "असाच."

"माह्या गाठीचं ठीक हाय. मले दिसत नव्हतं," बाबा म्हणाले. "तुहे तं दोन्ही डोळे शाबूत हायेत." आणि चढून गेले. या वेळी गाडीबरोबर मी चार पावलं चाललो. ओरडायला काही सुचलं नाही.

लुगडं वेळेवर पुरं झालं. पोरगी ते नेसून मांडवात उभी राहिली, तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंही असेल. रविवारचे फोनही सुरू झाले. पहिल्या फोनात आम्ही तीन मिनिटं एकमेकांना फक्त "आवाज येऊन राहिला काय?" एवढंच विचारलं. येऊन राहिला होता. पुढे सवय झाली. मी रविवारी दहाच्या आत अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनासमोर बसू लागलो. सासऱ्यांना मामाजी म्हणणारी कुमुद विचारते, "मामाजींना शर्ट दिसतो का?" नाही दिसत. पण बनियनवर बसून वडिलांशी बोलायचं कसं?

गेल्या वर्षी दुसऱ्या डोळ्यासाठी बाबा आपणहून आले. कोणी उचलून आणलं नाही. रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, आणि बाबा येरझाऱ्या घालू लागले.

"फोन काहून नाही आला गा?"

"बाबा, फोन तुम्ही करता. तुम्ही तर इथं आहात."

ते थबकले. मीही थबकलो. आम्हा दोघांनाही क्षणभर नीट कळेना की कोण कुठे आहे आणि कोणाची वाट पाहायची आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की आमच्यातला एक घरी आहे आणि एक घराबाहेर. आता दोघंही तारेच्या एकाच बाजूला, गिरणीच्या पडद्याखाली, आणि दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

"मंग तिकडं लाव," बाबा म्हणाले.

शेठच्या नंबराला ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासानं लागला. बाबांनी शेठना विचारलं, माग झाकलेला आहे काय, कौलातून पाणी तर येऊन नाही राहिलं? शेठ म्हणाले, थांबा, पाहून येतो. त्यांनी रिसीव्हर गादीवरच ठेवला असावा आणि चपला घालून निघाले असावेत. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग रिसीव्हर माझ्याकडे केला.

"घे," ते म्हणाले. "घर हाय."

मी कानाला लावला. कोणी बोलत नव्हतं. हातपंपाचा दांडा वरखाली होत होता. कोणीतरी शेळीला शिव्या घालत होतं. चौथ्या-पाचव्या घरातला एक माग चालू होता, थांबला, पुन्हा चालू झाला. बाबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्यांचाही कान रिसीव्हरकडे होता.

मध्येच ऑपरेटर बाई लाईनवर आली. म्हणाली, "तीन मिनट हो गए साब. बात हो रही है?"

मी म्हटलं, "हो रही है."